मधलं गाणं

सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी माझं गाणं एकसष्ट वेळा वाजून झालं होतं. रोज या वेळेला तिथे एकचा आकडा असतो, फार तर दोनचा. मुलीला पहिले दात येत होते त्या आठवड्यात एकदा चार झाले होते आणि मी डबा तसाच ठेवून घरी फोन लावला होता. एकसष्ट. मी स्क्रीनवरचा तो आकडा बोटाने झाकला, जणू तिथे काही चिकटलंय आणि पुसलं की जाईल. बोट काढलं तेव्हा बासष्ट झाले होते. समोरच्या टेबलावरून आजोबा म्हणाले, "काय गं, पांढरीफटक का पडलीस? सकाळपासून काही खाल्लंयस का?" आजोबा म्हणजे माझ्याहून तीनच वर्षांनी मोठा माणूस. पण बारा महिने अंगात स्वेटर, थर्मासमधलं गरम पाणी आणि दर तासाला उठून कंबर मोडून घेणं, यावरून हे नाव पडलं. आणि त्यांना अहो-जाहो करण्याची थट्टा इतकी मुरली की ती आता थट्टा राहिलेली नाही. मी म्हटलं, "काही नाही हो, यादी मोठी आहे आज." यादी मोठी होतीच. एका मोठ्या गायिकेचं नवीन गाणं आज सकाळी नऊला आलं होतं, आणि अशा दिवशी आमच्याकडे उसंत नसते.

आमच्या विभागाला सगळं ऑफिस चाळण म्हणतं. कंपनी लोकांना फोनवर गाणी ऐकवते आणि कुठलं गाणं किती वेळा ऐकलं गेलं तो आकडा रोज जाहीर करते. कोण वर गेलं, कोण खाली आलं, ते त्यावर ठरतं. तो आकडा खरा आहे की फुगवलेला, हे चाळून बघायचं काम आमचं. तीस सेकंद वाजलं तर एक ऐकणं धरायचं, त्याच्या आत बदललं तर नाही. इतका साधा नियम, आणि त्याच्या फटीतून माणसं काय काय आत सरकवतात. मी नवीन होते तेव्हा साहेबांनी सांगितलं होतं, ऐकणारे दोन प्रकारचे, भक्त आणि वाटसरू. भक्त पाळ्या लावतात, घरातले जुने फोन चार्जिंगला लावून रात्रंदिवस एकच गाणं चालवतात, स्वतः झोपतात, परीक्षेला जातात, गाणं आपलं चालू. वाटसरू भांडी घासताना लावतात, दाराची बेल वाजली की मध्येच थांबवतात, मग विसरून जातात आणि चार दिवसांनी गॅससमोर उभं असताना पुन्हा आठवतं. भक्त गाणं चढवतात, वाटसरू टिकवतात. मी स्वतः जन्माची वाटसरू. एका गाण्यासाठी जीव टाकावा असं मला कधी झालं नाही. पण सात वर्षं हेच बघून बघून मला एक कळायला लागलं की खऱ्या ऐकण्याला पसारा असतो. कुणी एकाच ओळीवर तीनदा मागे येतं. कुणी शेवटची दहा सेकंदं कधीच ऐकत नाही, कारण तोवर बस थांब्यावर येते. आकडे बघता बघता मला घरं दिसायला लागली: कुणाकडे भांडण झालंय, कुणाकडे आजारपण आहे, कुणाला सोडून कोण गेलंय. आजोबा म्हणायचे, "तू चाळत नाहीस, खिडकीतून डोकावतेस." मी हसायचे. त्यात काही वाईट आहे असं मला वाटत नव्हतं.

आणि म्हणूनच ते गाणं मी तिथे ठेवलं. गाणं म्हणजे काही गाणं नव्हे. भिंगरी सहा महिन्यांची झाली आणि माझी रजा संपली. भिंगरी आमची मुलगी. बसता यायला लागलं त्या दिवसापासून ढुंगणावर स्वतःभोवती गोल गोल फिरते, म्हणून भिंगरी. कामावर जायच्या आदल्या दुपारी मी माझा जुना फोन घेऊन कपड्यांच्या कपाटात डोकं घालून उभी राहिले. साड्यांमध्ये आणि शर्टांमध्ये आवाज घुमत नाही, एवढं मला या कामामुळे ठाऊक होतं. नाकाला डांबराच्या गोळ्यांचा वास, पाठीमागे पाळण्यात ती, आणि मी अंधारात शर्टांच्या बाह्यांना गाऊन दाखवतेय. चार ओळी मला आधी सुचल्या होत्या:

दार लोटलं, दिवा मालवला,
जिन्यामधला वारा निजला;
बोटं मोजली, पावलं मोजली,
एक श्वास तुला, एक श्वास मला.

मग थोडं नुसतं गुणगुणणं, आणि मग पुढच्या चार, त्या तिथेच, कपाटात उभ्या उभ्या आल्या:

कुणी आलं तर मी आहे,
कुणी गेलं तर मी आहे;
डोळे मिट, डोळे उघड,
दोन्ही वेळा मी आहे.

हेच फिरून फिरून, तीन मिनिटं चाळीस सेकंद. तिसऱ्या मिनिटात मागे भिंगरी शिंकते आणि मी गाता गाता हसते, तेही त्यात आहे. आमच्या ॲपवर कुणीही आपलं काही चढवू शकतं. मी 'भिंगरीची झोप' असं नाव दिलं, गायिकेच्या जागी काहीच लिहिलं नाही. मी घरी असताना गाण्याची गरजच नव्हती, ती माझ्या कुशीत पिता पिता झोपून जायची. गाणं फक्त मी नसतानासाठी होतं. दिवसा धाकटी तिला सांभाळायची, धाकटी म्हणजे माझी नणंद, आमच्याकडेच राहते, आणि झोपवताना ते लावायची. आणि मी इकडे ऑफिसात बसून बघायचे: अकरा वाजता एक. तीन वाजता दोन. नुसतं किती वेळा तेवढंच दिसत नव्हतं, कितव्या सेकंदाला थांबलं तेही दिसायचं. सुरुवातीला दोन मिनिटं वीस, दोन मिनिटं पाच; म्हणजे तिथे तिचा डोळा लागला आणि धाकटीने हळूच बंद केलं. साऱ्या जगात त्या गाण्याला एकच श्रोता होता, आणि त्याची झोप मला सेकंदांत कळत होती. बाकीच्या आया फोटो मागवतात. मला फोटो नको होते. फोटोसाठी मूल हसवता येतं.

गेल्या तीन आठवड्यांत तर ती फारच लवकर झोपायला लागली होती. दीड मिनिट, मग पन्नास सेकंद, मग चाळीस. मी नवऱ्याला म्हटलंसुद्धा, "तुझी लेक गुणाची झाली रे, दोन ओळींत झोपते." तो लिफ्ट दुरुस्त करतो, दिवसभर कुठल्या ना कुठल्या इमारतीच्या पोटात असतो, तो म्हणाला, "माझ्यावर गेलीय. मी तर पहिल्या ओळीतच."

आता एकसष्टच्या त्या ओळी मी एकेक उघडल्या. पस्तीस सेकंद. पस्तीस. पस्तीस. पस्तीस. छत्तीस नाही, चौतीस नाही. माणसाचा हात असा पडत नाही. सात वर्षांत मी हे इतक्या वेळा पाहिलंय की यादीत असं घर दिसलं तर मी चहा पिता पिता त्याच्यावर खोट्याची खूण करून पुढे जाते: इथे कुणी नाही. पण हे घर माझं होतं. सव्वानऊपासून माझ्या घरात कुणाचाही हात लागलेला नव्हता. खोलीत माझा आवाज सुरू होतोय, पस्तीस सेकंदांनी तुटतोय, पुन्हा सुरू होतोय, आणि त्या खोलीत एक तेरा महिन्यांचं मूल आहे. मी धाकटीला फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा. पुन्हा. नवऱ्याचा लागेना, लिफ्टच्या खड्ड्यात रेंज नसते, हे लग्नाआधीपासूनचं आमचं भांडण. मला आमची बाथरूम दिसली, भरलेली बादली दिसली. गॅलरीचं दार दिसलं, त्याची कडी वरच्या बाजूला आहे हे मला माहीत असूनही ती खाली आल्यासारखी दिसली. स्क्रीनवर चौसष्ट झाले.

सव्वाबाराला धाकटीचाच फोन आला. "वहिनी! अगं नऊ मिस्ड कॉल! काय झालं काय?"

"भिंगरी कुठे आहे?"

"ही काय, कडेवर. माझे केस उपटतेय. आईशी बोल गं, म्हण, ही बया कामं करत नाही बघ." आणि मग फोनवर तो ओला, जड श्वास आला, नाकाने घेतलेला.

"गाणं का वाजतंय इतकं?"

"अय्या, तुला दिसतं ते? अगं आज आमच्या गायिकेचं नवीन गाणं आलं ना! माझी सकाळची पाळी आहे. आपले तिन्ही जुने फोन लावलेत." तिच्या आवाजात धावून आल्यासारखा दम होता. "सलग एकच लावलं की तुमचं मशीन पकडतं. म्हणून दोनदा तिचं, मग एक मधलं. मधलं तीस सेकंदांच्या आत बदललं तर संशय येतो, म्हणून पस्तीस. पण मधलं म्हणून दुसऱ्या कुणा मोठ्या गायिकेचं लावलं तर तिचा आकडा वाढणार! शत्रूचं घर आपण कशाला भरायचं? मधलं गाणं असं पाहिजे की ते कुणाचंच नाही."

"ते माझं आहे."

"अगं तेच की! म्हणजे कुणाचंच नाही." ती खळखळून हसली. "इतके दिवस सरावाला तुझ्या जुन्या फोनमधलीच प्रत चालवत होते. पण ग्रुपच्या ताई काल म्हणाल्या, फोनमधलं मोजलंच जात नाही, साखळी तुटते. म्हणून आजपासून ॲपवरचं. आणि ऐक ना, ताईंना इतकं आवडलंय, त्यांनी सगळ्यांना पाठवलं!"

"सगळ्यांना म्हणजे?"

"सगळ्यांना गं. चाळीस हजार आहोत आम्ही."

"सराव किती दिवस चाललाय?"

"झाले की तीन आठवडे. वहिनी, तू ऑफिसात काही सांगणार नाहीस ना?"

तिला काय सांगायचं. मागच्या वर्षी परीक्षेचा निकाल लागल्यावर ती दोन महिने भिंतीकडे तोंड करून पडून होती. जेवायला उठवलं तर उठायची, बस म्हटलं तर बसायची, बाहुलीसारखी. मग एके दिवशी तिच्या खोलीतून त्या गायिकेचं गाणं ऐकू आलं, पुन्हा तेच, पुन्हा तेच, आणि चौथ्या दिवशी ती केस धुऊन बाहेर आली. त्या बाईने माझ्या नणंदेला काय दिलं ते मला कळलेलं नाही, पण ते आम्हा दोघांना देता आलं नव्हतं. भिंगरीला तिच्याकडे सोपवताना मी त्या बाईच्या भरवशावर सोपवली होती, असंही म्हणता येईल. फोन ठेवला तेव्हा 'तीन आठवडे' हे शब्द माझ्याकडे उरले. मी दुसरंही काहीतरी तीन आठवड्यांचं मोजलं होतं, पण काय ते तेव्हा हाताला लागेना.

साडेबाराला अकराशे झाले. एकला नऊ हजार. मी दर वेळी खाली खाली जात त्यात आमचं घर शोधत होते, अकराच्या झोपेची ती एक खरी ओळ, आणि ती सापडेना. सगळ्याच पस्तीसच्या. गावोगावच्या टेबलांवर, उशांखाली, कपाटांवर ठेवलेल्या फोनमधून मी दार लोटत होते, दिवा मालवत होते, आणि तिथे ऐकणारं कुणी नव्हतं. आजवर मी लोकांच्या घरात डोकावले होते. आता मलाच हजारो घरांत नेऊन ठेवलं होतं, आणि सगळी घरं रिकामी. जेवणाच्या सुट्टीत घास तोंडात घोळवत मी मनाशी ती चाल म्हणून पाहिली, तर चौथ्या ओळीनंतर मीही थांबले. पुढचं आठवायला क्षणभर थांबावं लागलं.

दीडच्या सुमाराला साहेब आमच्या टेबलांमध्ये येऊन उभे राहिले. ते आवाज चढवत नाहीत. बोलताना चष्म्याची काडी दाताखाली धरतात, त्यावरून प्रकरण किती गंभीर ते कळतं. "हे निनावी गाणं कुठून उपटलं?" ते म्हणाले. "तिचं गाणं मी काढू शकत नाही, तिचे खरे ऐकणारेही लाखभर आहेत. पण दोऱ्यात हे मधलं ओवलेलं आहे. हे उपसलं की माळ आपोआप सुटते. याच्यावर एकदा खूण झाली की गाणंही जाईल आणि आजवरचं त्याचं सगळं ऐकणंही पुसलं जाईल. चार वाजेपर्यंत मला दोघांचं मत पाहिजे. खरं की खोटं."

"बाई कोण आहे ही?" आजोबांनी कानाला हेडफोन लावले. माझ्यासमोर, हातभर अंतरावर, त्यांनी डोळे मिटले आणि माझं गाणं ऐकलं. मी त्यांचा चेहरा बघत राहिले. पस्तीस सेकंदांनी त्यांनी हेडफोन काढले. "आवाज गोड आहे," ते म्हणाले. "पण मशीनने बनवलेला असणार. हल्ली असले बनवतात. श्वास बघ कसा, एकसारखा."

मी म्हणू शकले असते, आजोबा, पुढे ऐका, तिसऱ्या मिनिटाला एक शिंक आहे. मी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर गाणं माझं आहे हे सांगावं लागलं असतं, मग धाकटी, मग मी रोज काय बघत बसते तेही. आणि खोटं म्हटलं तर सात महिन्यांच्या तिच्या झोपा, एकेक, अकराची आणि तीनची, माझ्या हाताने पुसायच्या. त्या आकड्यांवाचून मी इथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत कशी बसणार होते? मी म्हटलं, "मला जरा घरी जायला हवं. मुलीला बरं नाही." खोटं बोलताना माझा स्वर किंचितही हलला नाही. आजोबा म्हणाले, "जा, जा तू. चारला मी फोन करतो, एका शब्दात सांग. मला काय, तू म्हणशील ते. कान तुझाच चांगला आहे."

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, यावरून नवऱ्याची खूप टिंगल होते. पहिल्या मजल्यावर मी दम घ्यायला थांबले. तिथल्या बंद दारामागे एक शाळकरी मुलगी राहते, आईवडील दोघं संध्याकाळी येतात. दाराच्या आतून, अगदी बारीक, कुणीतरी म्हणत होतं, बोटं मोजली, पावलं मोजली. मी दाराला कान लावला. एक श्वास तुला, एक श्वास मला. आणि तुटलं. मग ढोल, मग त्या गायिकेचा उंच, झगझगीत आवाज. दारामागे पावलं नव्हती, भांडं नव्हतं, काहीच नव्हतं. मी उरलेले दोन मजले पळत चढले.

आमच्या घरात सगळं जागच्या जागी होतं. हेच मला जास्त लागलं. बाथरूमचं दार बंद, गॅलरीची कडी वर. भिंगरी जमिनीवर बसून गोल फिरत होती, मला पाहून "आ!" करून ओरडली, रांगत आली आणि माझ्या गुडघ्याला मिठी मारून तिथेच तोंड पुसलं. मी तिला उचलून हुंगलं. पावडर, दूध, केसांत धाकटीचं तेल. खिडकीच्या कट्ट्यावर तिन्ही फोन ओळीने चार्जिंगला लावलेले, आवाज एका रेघेवर. शून्य केलं तर ऐकणं धरत नाहीत अशी या भक्तांची समजूत. काही सेकंदांच्या अंतराने लावलेले, त्यामुळे मधल्या गाण्याची पाळी तिघांवर जवळजवळ एकदमच आली होती. एकाच वेळी पाठ म्हणायला बसलेली तीन मुलं असावीत तशा तीन मी होते, एक दाराशी, एक दिव्याशी, एक श्वासाशी. इतका हलका आवाज की आला की गेला ते कळू नये, आणि तरी खोलीत दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

"लवकर कशी आलीस?" धाकटी स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "बरी आहेस ना? ही आज तीनला झोपलीच नाही बघ. आता लावणारच होते."

"नको. मी म्हणते."

"म्हण. पण पुढचं नको म्हणूस हं."

"पुढचं?"

"ते, मी आहे, मी आहे. हल्ली ते लागलं की घाबरते गं. मान वळवून बघते, कोण आलं म्हणून. म्हणून मी पस्तीसलाच बंद करते आणि मग नुसतं थोपटते."

"मग झोपते किती वेळात?"

"कधी तासाने. कधी नाहीच. तू दमून येतेस, म्हणून नाही सांगितलं."

मी पलंगावर बसले. दीड मिनिट, पन्नास सेकंद, चाळीस. ती लवकर झोपत होती म्हणून मी खूश होत होते. ऑफिसात बसून मी तो आकडा पदराच्या गाठीसारखा सांभाळला होता, नवऱ्याला दाखवला होता. साऱ्या चाळणीत माझा कान चांगला. आणि इथे ती उघड्या डोळ्यांनी तासभर छताकडे बघत होती.

मी तिला मांडीवर आडवं घेतलं. खिडकीतून चारचं ऊन तिच्या पोटावर आलं होतं. मी हळू म्हणायला लागले, दार लोटलं, दिवा मालवला. तिचं अंग लगेच सैल झालं, हे मला मांडीत कळलं. एक श्वास तुला, एक श्वास मला. मग गुणगुणणं, कपाटात गुणगुणले होते तसंच. आणि मग मी म्हटलं, कुणी आलं तर मी आहे.

तिने डोळे उघडले. माझ्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघितलं. ओठ हलताहेत आणि त्यातून भलताच कुणी बोलतोय, असं. मी म्हटलं, कुणी गेलं तर मी आहे, आणि माझा आवाज मी आणखी मऊ करायला बघत होते. तिची पाठ ताठ झाली, तळहात माझ्या हनुवटीला लागले, मला लांब लोटत. ती रडली ते नेहमीचं, भुकेचं, रागाचं रडणं नव्हतं. डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटाला बघून एकदा रडली होती, तसं. मला हाक मारून रडत होती, मी कुठे आहे म्हणून.

"म्हटलं ना वहिनी," धाकटी कुजबुजली. तिच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. "पहिलं म्हण. पहिलं म्हण पटकन."

दार लोटलं, मी म्हटलं. तिचा हुंदका थांबला. दिवा मालवला. तिची मूठ सुटली. चौथ्या ओळीला ती पुन्हा सैल, आणि गुणगुणणं आलं तसे तिचे डोळे फडफडले, वाट बघत, आता काय येतंय. मी थांबले. थांबल्यावर खालचा ओठ बाहेर आला. मी पुन्हा सुरुवातीला गेले. पुन्हा. मला न मोजताही कळत होतं, पस्तीस कुठे होतात ते. पलंगावर ठेवलेला माझा फोन वाजला. धाकटीने उचलून, आवाज मोठा करून माझ्याजवळ धरला.

"हां, बोल," आजोबा म्हणाले. "साहेब इथेच आहेत. काय लावू?"

मी बोलायला तोंड उघडलं की गाणं थांबत होतं, आणि थांबलं की तिचा ओठ. जिन्यामधला वारा निजला, मी म्हटलं, आणि फोनकडे बघत मान हलवत राहिले, जणू आजोबांना मान दिसणार होती.

"हॅलो? अगं, ते बंद कर आधी, तुझं बोलणं ऐकू येत नाहीये." मग ते कान देऊन ऐकत होते. कामाचं ऐकणं, श्वाससुद्धा धरून. मी एकदा तुटले, पुन्हा सुरू झाले. दुसऱ्यांदा तुटले, सुरू झाले. "तुझ्या तिथेही वाजतंय की काय! बरोबर पस्तीस. दर वेळी पस्तीस. बघ, श्वाससुद्धा त्याच जागी." आणि मग तोंड फोनपासून लांब नेऊन, "साहेब, ती मला ऐकवतेय. माणूस नाही हे." आणि परत जवळ येऊन, मायेने, "कळलं गं. तू मुलीकडे बघ. मी लावतो खोटं."

धाकटी फोन हातात धरून माझ्याकडे बघत उभी राहिली. थोड्या वेळाने कट्ट्यावरचा पहिला फोन मध्येच गप्प झाला. मग दुसरा. मग तिसरा, दिव्याच्या ओळीवर. भिंगरीने मान वळवून तिकडे बघितलं, एकेका फोनकडे, आणि मग सावकाश माझ्याकडे, माझ्या तोंडाकडे. खोलीत आता एकच आवाज उरला होता. एक श्वास तुला, एक श्वास मला. तिचे डोळे माझ्या ओठांवर थांबले. तेहेतीस. चौतीस. मी आहे, असं मला तिला सांगायचं होतं. मी पुन्हा दार लोटलं.